पहिल्या गोळीआधीची लघवी

‘उन्हाळी लागली’ म्हणून धण्याचं पाणी घेतलं जातं आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागतंही. डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडणारी बाई वाटेत बरं स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणीच पीत नाही. त्यात घाम. लघवी गडद पिवळी होते, जळजळते. चार-पाच ग्लास पाणी पोटात गेलं की निवळते. पण पाणी पिऊनही सारखी घाई, गेलं की दोनच थेंब, ओटीपोटात दुखणं, गढूळ किंवा लालसर लघवी असेल, तर तो बहुधा जंतुसंसर्ग.

बहुतेक वेळा यामागे आतड्यातला ई. कोलाय हा जंतू असतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटरचा, त्यामुळे जंतूला वाट छोटी. त्याच्या अंगावरचे केसांसारखे तंतू मूत्राशयाच्या अस्तराला घट्ट चिकटतात, म्हणून तो लघवीबरोबर सहजी वाहून जात नाही.

घरात उरलेली सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची गोळी इथेच घोटाळा करते. आपल्याकडच्या पुष्कळ ई. कोलायवर ती आता चालत नाही, आणि दोन गोळ्या पोटात गेल्या की कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायच्या तपासणीत, जंतू उगवेनासा होतो. साध्या, पहिल्याच त्रासात कल्चर दरवेळी लागतंच असं नाही. पण गरोदर बाई, पुरुष, लहान मूल, ताप किंवा पुन्हा पुन्हा होणारा त्रास असेल तर नमुना गोळीच्या आधीच द्यावा.

नमुना देताना आधी हात आणि मग जागा साध्या पाण्याने धुवावी. सुरुवातीची धार सोडून द्यावी, मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत घ्यावी. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये. डबी दोन तासांत लॅबमध्ये पोचावी, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवावी. मेच्या उकाड्यात पिशवीत राहिलेल्या डबीत जंतू वाढतच असतात: दर अर्ध्या तासाला दुप्पट झाले, तर साडेतीन तासांत हजाराचे सव्वा लाख! रिपोर्ट मग खोटाच येतो.

लॅबमध्ये तारेच्या इवल्याशा कडीने एका मिलिलिटरचा हजारावा भाग लघवी थाळीवर फिरवतात. रात्रभर 37 अंशांवर ठेवली की एकेका जिवंत जंतूपासून एकेक ठिपका उगवतो. शंभर ठिपके म्हणजे मिलिलिटरला एक लाख जंतू, ही संसर्ग ठरवायची नेहमीची रेघ. त्रास असलेल्या बाईत याहून कमी आकडाही खरा धरावा लागतो. कोणतं औषध चालेल हे कळायला आणखी एक दिवस जातो.

मूत्राशयापुरत्या संसर्गाला डॉक्टर बहुधा नायट्रोफ्युरँटॉइन 5 दिवस किंवा फॉस्फोमायसिनची 3 ग्रॅमची एकच पुडी देतात. नायट्रोफ्युरँटॉइन जेवणासोबत घ्यायचं. लघवी तपकिरी दिसली तर घाबरू नये. पण हे औषध मूत्रपिंडाच्या ऊतींत पुरेसं पोचत नाही. म्हणून थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत एका बाजूला दुखणं किंवा उलट्या असतील तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

त्रास काहीच नाही, फक्त रिपोर्टमध्ये जंतू आले, तर गरोदर बाई सोडून बहुतेकांना औषध लागत नाही. आणि उपचारानंतर बरं वाटलं असेल तर, गरोदरपण वगळता, पुन्हा कल्चर करायची गरज नाही.