शेपूट मोडलेली नव्हती

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये डायनासोर बघायला रांग लागते. त्याच इमारतीत एक लांबट गॅलरी आहे. तिच्या भिंतींवर दगडाच्या मोठमोठ्या लाद्या तसबिरींसारख्या लावल्या आहेत आणि लादीलादीत एकेक सांगाडा चपटा होऊन पडलाय. इथे रांग नसते. बरेच जण पलीकडे जायचा रस्ता म्हणूनच इथून जातात. मी तिथे रेंगाळत होतो, तेवढ्यात मागून मराठी कानावर पडलं.

"हा बघ, पोहणारा डायनासोर."

सात-आठ वर्षांचा मुलगा काचेला नाक लावून बघत राहिला. मग म्हणाला, "आई, याची शेपूट मोडलीये."

"किती जुना आहे तो! मोडणारच ना."

आणि मंडळी पुढे गेली. मागोमाग जाऊन सांगावं असं फार वाटलं, पण परक्या मुलुखात अनोळखी माणसाने मध्येच तोंड घालणं बरं दिसलं नसतं. तिथे गिळलेलं सगळं इथे लिहितोय.

डायनासोरचं आधी उरकतो. तो मुलगा बघत होता तो इक्थियोसॉर, आणि इक्थियोसॉर डायनासोर नव्हता. जानेवारी २०२२ मध्ये इंग्लंडातल्या रटलंडला दहा मीटर लांबीचा इक्थियोसॉर सापडल्याची बातमी आली, तेव्हाही आपल्याकडच्या फॉरवर्डमध्ये त्याचा डायनासोर झालाच होता. इंग्रजी पेपरांनी 'सी ड्रॅगन' छापलं, म्हणून काहींनी त्याचा ड्रॅगनही करून टाकला. इक्थियोसॉर ही सरपटणाऱ्या प्राण्यांची एक वेगळी शाखा. यांचे पूर्वज जमिनीवर राहत होते, ते पुन्हा पाण्यात गेले. नात्याने बघाल तर डायनासोरला आपली मगर यांच्यापेक्षा जवळची. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी ते आले आणि सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी संपले. डायनासोरांवर अशनी कोसळला तो ६.६ कोटी वर्षांपूर्वी, तोवर इक्थियोसॉर जाऊन दोन-अडीच कोटी वर्षं झाली होती.

आता शेपटीकडे. पण त्याआधी हे सांगाडे भिंतीवर कसे आले ते सांगायला हवं, कारण त्यातले काही एका सुताराच्या मुलीने काढलेले आहेत.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेटमध्ये लाइम रीजिस नावाचं गाव आहे. तिथले समुद्राकाठचे कडे म्हणजे चुनखडक आणि शेल (चिखल दाबून झालेला पापुद्र्यांचा खडक) यांचे निळसर-करडे थर, एकावर एक, वह्यांच्या गठ्ठ्यासारखे. वय जवळजवळ २० कोटी वर्षं. हिवाळ्यात वादळं झाली की दरडी कोसळतात आणि आतली हाडं उघडी पडतात. ती लगेच उचलली नाहीत तर समुद्र घेऊन जातो. रिचर्ड अ‍ॅनिंग हा सुतार फावल्या वेळात इथले शिंपले-दगड गोळा करून पर्यटकांना विकायचा. १८१० मध्ये तो वारला आणि मागे कर्ज ठेवून गेला. पुढच्या वर्षी त्याच्या मुलाला, जोसेफला, दरडीत सुमारे चार फुटांची एक कवटी दिसली. उरलेला सांगाडा १८१२ मध्ये त्याच्या बहिणीने, मेरीने शोधला. ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. मजूर लावून तो बाहेर काढला, गावच्या जमीनदाराने २३ पौंडांना घेतला, आणि पुढे हातोहात फिरत १८१९ मध्ये ब्रिटिश म्युझियमने तो ४५ पौंड ५ शिलिंगला विकत घेतला. ती कवटी आज नॅचरल हिस्टरी म्युझियममध्येच आहे.

मेरीबद्दल गावात एक समज होता. १८०० साली, ती सव्वा वर्षाची असताना, झाडाखाली वीज पडून तीन बायका दगावल्या. त्यातल्या एकीच्या कडेवर मेरी होती, ती वाचली. त्यानंतर ही किरकिरी पोर चलाख झाली आणि तिची सगळी हुशारी त्या विजेतून आली, असं लोक सांगायचे. वीज अंगात शिरून अक्कल येत असती तर आपल्या महावितरणच्या लाइनमनना केव्हाच नोबेल मिळालं असतं. मेरी शास्त्रज्ञांचे लेख हाताने उतरवून काढायची, आकृत्यांसकट. मासे आणि माकूळ चिरून त्यांची रचना बघायची, म्हणजे दगडात काय शोधायचं ते कळे. दरडी अंगावर यायच्या त्या वेगळ्याच. १८३३ मध्ये अशाच एका दरडीखाली तिचा ट्रे नावाचा कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत गेला.

तिच्या दुकानात सगळ्यात जास्त खपायचे ते अ‍ॅमोनाइट, गुंडाळलेल्या शिंगासारखे शंख. इंग्लंडात लोक त्यांना दगड झालेले साप समजत, व्हिटबीकडे तर विक्रेते त्यांना सापाचं डोकं कोरून द्यायचे. आपण हसायचं कारण नाही. गंडकीतला चक्रांकित शाळिग्राम म्हणजेही अ‍ॅमोनाइटच, त्याचं चक्र वज्रकीटकाने कोरलं अशी आपली कथा. माझ्या आईच्या देवघरातही एक आहे, तुळशीच्या लग्नात तो नवरदेव होतो, आणि त्याला तिथून हलवा असं मी मुळीच म्हणत नाही. घरातली 'निगेटिव्ह एनर्जी' शोषतो म्हणून तो ऑनलाइन विकणाऱ्यांबद्दल मात्र माझं मत इथे छापण्यासारखं नाही.

असो. जोसेफ-मेरीच्या प्राण्याने विद्वानांना चांगलंच फिरवलं. लोक आधी त्याला मगर म्हणाले. एव्हरर्ड होम या नामवंत सर्जनने १८१४ पासून त्यावर लेखांमागून लेख लिहिले. त्यात कधी तो माशाजवळ गेला, एकदा प्लॅटिपसची आठवण निघाली, शेवटी प्रोटियस नावाच्या सॅलमँडरवर (दिसायला सरड्यासारखा, पण बेडकाच्या गोतावळ्यातला) गाडी थांबली आणि १८१९ मध्ये त्याने 'प्रोटिओसॉरस' असं नाव दिलं. तोवर ब्रिटिश म्युझियममधल्या चार्ल्स कोनिगने सुचवलेलं 'इक्थियोसॉरस', म्हणजे मासा-सरडा, रुळलं होतं.

डिसेंबर १८२३ मध्ये मेरीने अख्खा प्लेसिओसॉर काढला, हाही समुद्रातला सरपटणारा प्राणी, पण लांब मानेचा. जिराफाच्या मानेतही सातच मणके असतात, याच्या मानेत पस्तीस! पॅरिसच्या जॉर्ज क्यूव्हिएला, त्या काळच्या सगळ्यात मोठ्या शरीररचनातज्ज्ञाला, हा सांगाडा जोडून बनवलेला वाटला. मेरीचं पोट या धंद्यावर होतं, बनवेगिरीचा शिक्का बसला असता तर सगळंच आटोपलं असतं. फेब्रुवारी १८२४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत चर्चा झाली, सांगाडा खरा ठरला, क्यूव्हिएनेही चूक कबूल केली. सभेत मेरी नव्हती, तिचं नावही कुणी घेतलं नाही. त्या सोसायटीने बायकांना सदस्यत्व दिलं १९१९ मध्ये, आणि मेरी गेली १८४७ मध्ये.

तर शेपूट.

इक्थियोसॉरचे सांगाडे सापडत गेले तसं एक लक्षात येऊ लागलं. पाठीचा कणा सरळ शेपटीपर्यंत जातो आणि टोकाच्या थोडं आधी अचानक खाली वळतो. आधी सगळ्यांनी त्या आईसारखाच विचार केला, की दगडाखाली दबून मोडली असेल. रिचर्ड ओवेनला (पुढे 'डायनासोर' हा शब्द ज्याने घडवला तोच) १८३८ मध्ये यात गडबड दिसली. अपघाताने मोडलेली शेपूट कुठेही मोडेल. दहा घरांतल्या दहा कपांचे कान एकाच जागी तडकले तर आपण नशिबाला बोल लावत नाही, तिथे काहीतरी जोर पडत होता असं म्हणतो. ओवेनचं म्हणणं असं की शेपटीच्या टोकाला मांसल पर होता. प्राणी मेल्यावर सांधे सैल पडले, पराच्या वजनाने आणि लाटांच्या हिसक्याने शेपूट नेमकी तिथेच निखळली. टोकाचे मणके दोन्ही बाजूंनी चपटे होते, म्हणून पर माशासारखा उभा असणार, देवमाशासारखा आडवा नाही.

गणिताचे मास्तर म्हणतात तसं, उत्तर बरोबर, रीत चुकली. पर होता आणि उभाच होता. पण शेपूट मोडलेली नव्हतीच.

हे कळायला अर्धं शतक गेलं. जर्मनीत स्टुटगार्टजवळ होल्झमाडेनला काळ्या शेलच्या खाणी आहेत. तिथल्या काही सांगाड्यांभोवती कातडीचा काळा ठसा शिल्लक राहिलाय. बर्नहार्ड हाउफने असा एक नमुना अतिशय नेटाने साफ केला आणि १८९२ मध्ये एबरहार्ड फ्रासने तो जगापुढे मांडला. शेपटीला चंद्रकोरीसारखा उभा पर, कणा वळून त्याच्या खालच्या पात्यात शिरलेला, आणि वरच्या पात्यात एकही हाड नाही. पाठीवरही एक तिकोनी पर, तोही बिनहाडाचा. आपल्याकडच्या मुशीच्या शेपटीत कणा वरच्या पात्यात जातो. इथे नेमकं उलटं.

गिऱ्हाइकाला बरं दिसावं म्हणून अशा ठशांच्या कडा कधीकधी सुबक केल्या जायच्या, त्यामुळे नुसत्या ठशावर विसंबणं बरं नाही. मला पटतो तो पुरावा मणक्यांचा. इक्थियोसॉरचा मणका कॅरमच्या जाडसर सोंगटीसारखा असतो, दोन्ही तोंडांना खोलगट. पण वळणावरचे मणके सोंगटीसारखे नसतात, पाचरीसारखे असतात, वर रुंद आणि खाली अरुंद. किल्ल्याच्या दरवाजाची कमान आठवा. तिचे दगड चौकोनी नसतात, पाचरीसारखे घडवलेले असतात, म्हणून रांग लावली की आपोआप वळते. मेल्यावर मोडलेल्या शेपटीत साध्या सोंगट्या सापडल्या असत्या.

एवढा खटाटोप कशासाठी? सुरमईची शेपूट हातात धरून बघा. मी दर रविवारी बघतो, आणि कोळीणमावशी "कापू का आता?" म्हणून ओरडते. शेपटीचं पातं कडक, उंच आणि अरुंद, आणि त्याच्याआधीचा दांडा दोन बोटांत मावेल इतका बारीक. दांडा जाड असता तर तो हलताना पाणी नुसतं आजूबाजूला ढकललं गेलं असतं आणि अख्खं अंगच डुललं असतं. उंच अरुंद पातं घारीच्या पंखासारखं काम करतं. तिरकं धरून पाण्यातून आडवं ओढलं की त्याच्या दोन बाजूंवरच्या दाबात फरक पडतो आणि त्या फरकाचा एक भाग पुढे ढकलतो. पातं जितकं उंच आणि निमुळतं, तितके टोकांपाशी भोवरे कमी आणि वाया जाणारी ताकद कमी. पण हे सगळं साधायचं तर पुढचं धड ताठ हवं. इक्थियोसॉरच्या पातळ, रुंद सोंगट्या तेच करतात, प्रत्येक सांधा अगदी थोडा वाकतो. चीनमध्ये सापडलेला फार जुना इक्थियोसॉर, चाओहुसॉरस, बघा. त्याचे मणके लांबुडके, म्हणून तो वामासारखा सगळं अंग वळवत पोहत असणार.

मग डॉल्फिनची शेपूट आडवी का? मालवणला बोटीतून दिसते ना, वरखाली हलणारी. उत्तर पाण्यात नाही, जमिनीवर आहे. भिंतीवरची पाल पळताना बघा, कणा डावी-उजवीकडे नागमोडी होतो. कुत्रा धावताना बघा, पाठ वरखाली लवते. डॉल्फिनचे पूर्वज कुत्र्यासारखे धावायचे आणि इक्थियोसॉरचे पालीसारखे. समुद्रात जाताना दोघांनी आपापली चाल बरोबर नेली. बाकी अंगाचा घाट इतका सारखा की लांबून ओळखू येऊ नये, आणि शेपट्या मात्र एकमेकींशी काटकोनात!

आपल्या सह्याद्रीत इक्थियोसॉर शोधायला जाऊ नका. तो लाव्हा ओतला गेला तेव्हा हे केव्हाच नामशेष झाले होते. कच्छमध्ये मात्र भूजजवळच्या लोडाईला साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीच्या, पाच-साडेपाच मीटरच्या इक्थियोसॉरचा सांगाडा निघाला, २०१७ मध्ये तो जाहीर झाला.

आणि दक्षिण लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसच्या बागेत तळ्याकाठी ओवेनच्या सल्ल्याने केलेले सिमेंटचे इक्थियोसॉर आहेत, १८५४ पासून. मगरीसारखे अर्धे काठावर आलेले, आणि पाठीवर पर नाही. बिनहाडाचा तो पर होल्झमाडेनला दिसायला अजून अडतीस वर्षं होती. नंतर कुणी तो बसवलाही नाही. त्या मुलाला तिथे न्यायला हवं होतं. "आई, याच्या पाठीवर काहीतरी राहिलंय" हे त्याने बरोबर ओळखलं असतं.