रोपवाटिकेतल्या मुंग्या

शेडनेट नाहीतर पॉलीहाऊसच्या ज्या कोपऱ्यात बी पेरलेले ट्रे, कलमं आणि नुकती उगवलेली रोपं ठेवलेली असतात तिथे घर करणाऱ्या मुंग्या आणि त्यांचा बंदोबस्त, हा या नोंदीचा विषय. शेतात हीच मुंगी कोणी हिशोबात पण धरत नाही, उलट ती किडींची अंडी उचलते, माती भुसभुशीत करते, म्हणजे तशी कामाचीच. पण प्रो-ट्रेच्या (रोपांसाठी कप पाडलेल्या प्लास्टिकच्या ट्रेच्या) एका कपात जेमतेम दोन-चार चमचे कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा असतो, त्यात तिने बीळ केलं की रोपाला मुळं धरायला जागाच उरत नाही, आणि नर्सरीवाल्याला प्रत्येक रिकामा कप म्हणजे सरळ पैशाचं नुकसान.

महाराष्ट्रात नारायणगाव-जुन्नर पट्ट्यात टोमॅटोची रोपं, सांगली-कोल्हापूरकडे उसाची एक डोळा पद्धतीची (एकेक डोळ्याचा तुकडा लावून केलेली) रोपं, उरुळी कांचनच्या बाजूला शोभेची झाडं, असा नर्सरीचा धंदा पसरलाय. 2020 मध्ये राज्य सरकारची पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना आली, तेव्हापासून तर छोट्या गावांत पण शेडनेट दिसायला लागली. आणि शेडनेट आली की मागोमाग मुंग्या आल्याच, कारण त्यांना हवं ते सगळं तिथे आयतं असतं, ऊब आहे, ओल आहे, नांगर फिरत नाही, वरून धो-धो पाऊस पडत नाही. उन्हाळ्यात आजूबाजूला सगळं करपलेलं असताना ओल फक्त शेडनेटमध्ये, म्हणून येतात, आणि पावसाळ्यात बाहेरच्या बिळांत पाणी भरतं म्हणून पुन्हा तिथेच येतात. त्यात पेरणीनंतर उगवणीसाठी ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाकतात, टोमॅटोला तीन-चार दिवस आणि मिरचीला आठवडाभर, तो काळ सगळ्यात धोक्याचा. आत अंधार, गरम, दमट, आणि कोणी उघडून बघत नाही.

आता मुंग्या नक्की करतात काय. बहुतेक मुंग्या रोप खात नाहीत, हे आधी डोक्यात ठेवायचं. त्या बी उचलून नेतात, खास करून बारीक, हलकं आणि उघडं पडलेलं बी. झेंडू, लेट्यूस, कांदा असलं बी वर नुसतं भुरभुरलं आणि झाकलं नाही तर रात्रीतून रांग लागते. एरंडासारख्या बियांच्या टोकाला तर एक मऊ गाठ असते ती मुंग्यांच्या आवडीचीच, त्या गाठीसाठी अख्खं बी ओढून नेतात, गाठ खातात आणि बी टाकून देतात, जंगलात याच पद्धतीने किती झाडांचा प्रसार होतो. नर्सरीत मात्र याचा अर्थ नांगे भरत, म्हणजे रिकाम्या कपांत पुन्हा बी टाकत बसणे.

दुसरं नुकसान पटकन लक्षात येत नाही. सकाळी झारीने पाणी मारल्यावर सगळे कप गडद तपकिरी दिसतात, एखादाच कप फिकट राहतो आणि त्यातलं रोप भर पाण्यात पण मान टाकून असतं. लोक मर, म्हणजे रोप सुकवणारा बुरशीचा रोग समजून बुरशीनाशक ओततात. ते रोप बोटाने हळूच उपसून बघावं, मुळांभोवती कोकोपीट रव्यासारखं मोकळं झालेलं असतं, मधे पोकळी, आणि त्या पोकळीतून पांढरे बारीक दाणे तोंडात धरून मुंग्या सैरावैरा पळतात. त्या दाण्यांना आपण सगळे अंडी म्हणतो पण डोळ्यांना नीट दिसतात ते बहुतेक अळ्या आणि कोष असतात, खरी अंडी त्याहून खूपच बारीक. पाणी पोकळीतून सरळ खाली निघून जातं, मुळाला लागतच नाही, एवढंच त्या "मर" रोगाचं कारण.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महागाचं म्हणजे मुंग्यांची गुरं. मावा, मिलीबग (पिठ्या ढेकूण), खवले कीड झाडाचा रस शोषतात आणि मागून गोड चिकटा सोडतात, मुंग्या तो पितात आणि बदल्यात या किडींची राखण करतात. या किडी खाणारा लेडीबर्ड भुंगेरा किंवा क्रायसोपर्ला या मित्रकिडीची अळी आली की तिला हुसकावतात, चावतात. मिलीबग खाणारा क्रिप्टोलेमस भुंगेरा भारतात 1898 मध्ये बाहेरून आणला होता आणि आजही फळबागांत सोडतात, पण मुंग्यांचा बंदोबस्त न करता सोडला तर त्याचा उपयोग अर्धा वाया. चिकट्यावर काळी बुरशी चढते, पानं काजळल्यासारखी होतात. म्हणून कलमांच्या शेंड्याकडे मुंग्यांची रांग जाताना दिसली तर आधी मुंगीकडे नाही, पानाच्या पाठीमागे बघायचं. मावा गेला की निम्म्या मुंग्या आपोआप जातात.

कुठली मुंगी आहे ते बघणे

सगळ्या मुंग्यांना एकच औषध चालत नाही, इथे बरेच जण फसतात. आपल्याकडच्या नर्सरीत साधारण चार प्रकार भेटतात. लाल चावरी मुंगी, शास्त्रीय नाव सोलेनॉप्सिस जेमिनाटा, ही चावली की आग होते, काम करणाऱ्या बायका त्या बेंचकडे, म्हणजे ट्रे ठेवायच्या मांडणीकडे जायला तयार नसतात, आणि हीच कोवळी खोडं आणि ड्रिपच्या नळ्या पण कुरतडते. ही मूळची आपली नाहीच, अमेरिकेच्या उष्ण भागातली, 16व्या शतकात स्पॅनिश जहाजांतून जगभर पसरली असं तिच्या जनुकांच्या अभ्यासातून दिसलंय, आणि गंमत म्हणजे ज्या मिरची-टोमॅटोच्या ट्रेमध्ये ती सापडते ती पिकं पण तिकडूनच आलेली. दुसरी एकदम बारकी, दीड मिलिमीटरची, डोकं काळं आणि मागचा भाग फिकट, जवळजवळ आरपार दिसणारा, ती टॅपिनोमा. चिरडली तर खवट खोबरेल तेलासारखा वास येतो. हिला कुठलंही घर चालतं, कुंडीखाली, कोकोपीटच्या पोत्यात, पाइपच्या तोंडात. तिसरी वेड्यासारखी वाकडी-तिकडी पळणारी, लांब पायांची काळी मुंगी, पॅराट्रेकिना. चौथा आपला मोठा काळा मुंगळा, तो बहुतेक चिकट्यासाठीच येतो, ट्रेमध्ये घर क्वचितच करतो. वाळवी ही मुंगी नाही, लोक तिला पांढरी मुंगी म्हणतात म्हणून सांगितलं, तिचा उपचार पूर्ण वेगळा.

नाव माहीत नसलं तरी बिघडत नाही. एका कागदावर एका बाजूला साखरेच्या पाण्याचा थेंब आणि दुसऱ्या बाजूला शेंगदाण्याच्या पेंडीची चिमूट ठेवायची, रांगेच्या वाटेत ठेवून अर्ध्या तासाने बघायचं. टॅपिनोमा, पॅराट्रेकिना बहुतेक गोडावर जातात, लाल मुंगी तेलकट आणि प्रथिनाच्या खाण्यावर. जिकडे गर्दी त्या चवीचं आमिष (विष मिसळलेलं खाणं) वापरायचं.

फवारणी का फसते

रांग दिसली की पंप उचलून फवारणारे खूप, आणि दोन दिवस बरं पण वाटतं. पण बाहेर फिरणाऱ्या मुंग्या म्हणजे वसाहतीचा छोटासा भाग, राणी आणि पिल्लं आतच असतात, बाहेरच्या मेल्या की आतल्या बाहेर पडतात. टॅपिनोमासारख्या मुंग्यांच्या एका घरात अनेक राण्या असतात, त्यांना त्रास झाला की घर फुटून दोन-तीन घरं होतात, म्हणजे एका बेंचचा त्रास तीन बेंचवर. त्यात कोवळ्या रोपांवर औषध जास्त झालं तर पानं जळतात ती वेगळीच.

जुने लोक गॅमेक्झिन म्हणजे बीएचसी पावडर टाकायचे, त्यावर 1997 पासून बंदी आहे. मिथाइल पॅराथिऑन या दुसऱ्या कीटकनाशकावर 2018 मध्ये बंदी आली. कोणाच्या तरी गोडाऊनमध्ये अजून जुना डबा निघतो आणि "हे भारी होतं" असं सांगून हातात दिला जातो, घेऊ नये. मुंग्यांचा खडू घरात ठीक आहे, पण रोज पाणी मारायच्या जागेत रेघ धुऊन जाते. हळद, राख, दालचिनी पण कोरडं असेपर्यंतच. रवा खाऊन मुंगी फुगून मरते हे तर खोटंच, मोठी मुंगी घट्ट कण गिळूच शकत नाही, ती फक्त पातळ पिते, घट्ट खाणं अळ्यांना भरवते.

आमिष

खरा उपाय म्हणजे हळू मारणारं विष त्यांच्याच हातून घरात पोचवणं, कारण मुंग्या पोटात साठवलेलं खाणं तोंडातून तोंडात एकमेकींना देतात आणि ते शेवटी राणीपर्यंत जातं. त्यासाठी बोरिक ॲसिड, म्हणजे कॅरमबोर्डवर टाकतात ती बोरिक पावडर, फक्त डब्यावर बोरिक लिहिलंय का ते वाचून घ्या कारण काही कॅरम पावडरी वेगळ्या असतात. 1 लिटर कोमट पाण्यात 100 ग्रॅम साखर आणि 10 ग्रॅम बोरिक, बस. इथे हात सैल सोडायचा नाही, जास्त टाकलं तर मुंगी वाटेतच मरते नाहीतर तोंड पण लावत नाही, आणि सगळा खेळ ती जिवंत घरी जाण्यावर आहे. झाकणाला तीन मिलिमीटरची भोकं पाडलेल्या डबीत कापूस भिजवून बेंचखाली सावलीत ठेवायचा, भोकं बारीक यासाठी की मधमाश्या आत जाऊ नयेत. दोन-तीन दिवसांनी कापूस बदलायचा. पहिल्या दोन दिवसांत मुंग्या दुप्पट दिसतात आणि लोक घाबरून डबी काढून फवारणी करतात, तिथेच सगळं बिघडतं. आठवडा ते तीन आठवडे धीर धरावा लागतो. हे पाणी ट्रेमध्ये सांडू द्यायचं नाही, बोरॉन जास्त झालं की पानांच्या कडा करपतात. लहान मुलं, कुत्री यांच्यापासून पण लांब.

तोवर ट्रे वाचवायचे तर आजीची पद्धत, जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या ना, तेच बेंचला. वाटीत पाणी आणि साबणाचा थेंब, नाहीतर पायाला ग्रीसचा पट्टा. पाणी दर आठवड्याला ओतून वाट्या घासायच्या, नाहीतर मुंग्या थांबतील आणि डासांची पैदास सुरू होईल. पण वाट्या ठेवून पण मुंग्या येतातच अशी तक्रार आली की बेंच कशाला टेकलाय ते बघायचं, लोंबणारी नेट, ड्रिपची नळी, भिंतीला लागलेला एक ट्रे, एवढा एक पूल त्यांना पुरतो.

उसाच्या रोपवाटिकेत गोष्ट थोडी वेगळी, तिथे कापलेल्या डोळ्याच्या टिपरीलाच (उसाच्या तुकड्यालाच) गोडवा असतो, म्हणून कापणीची जागा ट्रेपासून लांब ठेवणं आणि रस सांडलेली फरशी त्याच दिवशी धुणं हे आमिषापेक्षा जास्त कामाला येतं.

ज्या कपात घर झालंच आहे तो ट्रे घमेल्यात पाण्यात बुडवून वीस मिनिटं ठेवला की मुंग्या कोष घेऊन वर येतात आणि ट्रेच्या कडेला जमतात, तेव्हा ब्रशने साबणाच्या पाण्यात झाडून घ्यायच्या. गिऱ्हाईकाचा टेम्पो भरायच्या आदल्या दिवशी हे करावं, नाहीतर रोपांबरोबर राणी पण त्याच्या शेडनेटमध्ये जाते आणि पुढच्या खेपेला फोन मुंग्यांचाच येतो.