एका लाटेवर एकच का?

२००० साली ऑस्ट्रेलियातल्या अँगौरी गावात नॅट यंग यांना बेदम मारहाण झाली. गालाची आणि डोळ्यांच्या खोबणीची हाडं मोडली. यंग काही नवखे नव्हते, १९६६चे सर्फिंगचे जगज्जेते होते. भांडणाला तोंड फुटलं होतं पाण्यात, लाटेवरून. सर्फरच्या हाणामारीच्या अशा बातम्या आणि व्हिडिओ आजही फिरतात आणि त्याखाली ठरलेलं मत येतं: ही पोरंच माथेफिरू. स्वभावाचा वाटा असेल, पण भांडणाचं मूळ लाटेच्या भूमितीत आहे. ती एकदा कळली की पाण्यातले शिष्टाचार पाठ करावे लागत नाहीत.

लाट उथळ पाण्यात शिरली की मंदावते आणि उंचावते. तिची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण ०.७८ पट झाली की ती फुटते. दीड मीटरची लाट म्हणजे १.९ मीटर खोलीवर फुटणार. तिथे तिचा वेग म्हणजे गुरुत्वीय त्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, सेकंदाला ४.३ मीटर.

अख्खी लाट एकाच क्षणी फुटली तर ती सर्फरच्या कामाची नाही. तळाचा उतार लाटेला तिरका असला, तर ती एका टोकाकडून फुटत जाते आणि फुटीची जागा माथ्यावरून पळत सुटते. लाटेचा माथा आणि मागे राहिलेली फुटीची रेषा यांच्यातला कोन, म्हणजे पील अँगल, हाच सगळ्या खेळाचा प्राण आहे. फुटीच्या पुढे राहायला सर्फरला लागणारा वेग म्हणजे लाटेचा वेग भागिले या कोनाची साइन. कोन ४५ अंश असेल तर सेकंदाला ६.१ मीटर, ताशी २२ किलोमीटर. ३० अंशांवर ताशी ३१. २० अंशांवर ताशी ४५ आणि तिथे बहुतेकांना मागून येणारा फुटलेल्या लाटेचा फेस गाठतोच.

आता यातला फक्त माथ्यालगतचा, आडवा वेग घ्या. तो लाटेचा वेग गुणिले कोनाची कोटॅन्जेंट. ४५ अंशांवर कोटॅन्जेंट १, म्हणजे पुन्हा सेकंदाला ४.३ मीटर. फुटीला चिकटून येणारा सर्फर याच वेगाने आडवा सरकतोय. त्याच्या चार मीटर पुढे दुसरा कोणी बोर्डावर उभा राहिला, तर उभं राहण्याच्या त्या क्षणी तो सरळ किनाऱ्याकडे घसरतो, त्याचा आडवा वेग जवळपास शून्य असतो. दोघांमधलं अंतर एका सेकंदाच्या आत संपतं. मागच्याला थांबताही येत नाही, कारण फेस त्याच वेगाने त्याच्या पाठीवर असतो. वर माथा, खाली सपाट पाणी, समोर माणूस. बोर्डाचं टोक अणकुचीदार आणि खालचे फिन धारदार. यालाच ड्रॉप-इन म्हणतात आणि सर्वांत जास्त शिव्या याच चुकीला बसतात.

म्हणून पहिला नियम: फुटीच्या सर्वांत जवळ जो उभा राहिला, लाट त्याची. मागे फेस असल्यामुळे ज्याच्याकडे पर्याय सर्वांत कमी, त्याला प्राधान्य. स्नेकिंग, म्हणजे लाटेची वाट बघत रांगेत बसलेल्याला वळसा घालून त्याच्यापेक्षा फुटीच्या जवळ जाऊन बसणं, हा याच नियमाचा गैरफायदा. लांब बोर्डाचा वाद वेगळा. हाताने वल्हवत माणूस सेकंदाला दीड-दोन मीटरच जातो, त्यामुळे छोट्या बोर्डवाल्याला लाट उभी होईपर्यंत थांबावं लागतं. नऊ फुटी बोर्ड जास्त तरंगतो, सहज घसरतो आणि तीच लाट आधी, बाहेर खोल पाण्यातच पकडतो. नियम मोडला नाही तरी सगळ्या लाटा एकानेच नेल्या तर किनाऱ्याच्या बाजूला बसलेले चिडणारच.

त्यात लाटा मोजक्या. लाटांच्या जवळजवळ सारख्या मालिका एकमेकींत मिसळतात, त्यामुळे मोठ्या लाटा झुंडीने येतात. समजा दहा मिनिटांत चार चांगल्या लाटा आल्या, तर तासाला चोवीस. पाण्यात साठ जण असतील तर अगदी समान वाटणीतही माणशी एक लाट अडीच तासांनी. ऑलिंपिकच्या एका फेरीत पाण्यात दोन ते पाचच सर्फर असतात.

पौर्णिमेला माणसांची डोकी फिरतात आणि समुद्रावर भांडणं वाढतात, असंही ऐकू येतं. चंद्र डोक्यात काही करत नाही, तो पाण्याची पातळी बदलतो. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते, पातळी भराभर चढते-उतरते आणि खडकाळ तळावर योग्य खोली थोडाच वेळ टिकते. तेवढ्या वेळात सगळे एकदम उतरतात. अमावस्येलाही हेच होतं, तेव्हा पूर्ण चंद्राला दोष देण्यात अर्थ नाही.

मग काही किनाऱ्यांवर दादागिरी आणि काहींवर नाही, असं का? याचं उत्तर पक्ष्यांच्या अभ्यासात सापडतं. जेरम ब्राउन यांनी १९६४ मध्ये मांडलं की राखण्याच्या खर्चापेक्षा फायदा जास्त असेल तरच प्राणी इलाखा राखतो. केनियातले सोनपंखी शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारे छोटे पक्षी, फुलांचे ताटवे राखतात. ताटव्याचं क्षेत्रफळ खूप बदलतं, पण प्रत्येकात फुलं साधारण १६०० असतात. खडकाळ टोकावर लाट रोज त्याच काही मीटरांत उभी राहते, म्हणून ती जागा राखणं परवडतं. कॅलिफोर्नियातल्या लुनाडा बेमध्ये स्थानिक टोळक्याने परक्यांवर दगड मारले, गाड्यांचे टायर फाडले. २०१६ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. याउलट गोव्यात आश्वे-मांद्रेसारख्या वाळूच्या तळावर फुटीची जागा सरकत राहते, राखणार काय?

ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टवर मात्र माणसानेच ताटवा तयार केला. ट्वीड नदीच्या मुखाच्या भिंतींनी उत्तरेकडे जाणारी वाळू अडवली होती. ती, वर्षाला सुमारे पाच लाख घनमीटर, २००१ पासून पंपाने पलीकडे टाकली जाऊ लागली आणि स्नॅपर रॉक्सपासून किर्राकडे सलग वाळूपट्टा तयार झाला. लाट लांबली आणि जगभरातून माणसं आली. एकच सर्फर शेकडो मीटर लाट अडवणार, मग पुढचे बघत का बसतील? ड्रॉप-इन तिथे नित्याचा झाला. सामायिक साधनांवरच्या कामासाठी २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवलं, की वापरणारे स्वतः नियम बनवून पाळू शकतात. मात्र त्यासाठी नियम मोडणारा उद्या पुन्हा भेटायला हवा. पर्यटक उद्या दुसऱ्याच किनाऱ्यावर असतो, आणि गोल्ड कोस्टची खरी अडचण मला हीच वाटते.

नव्या जागी उतरण्यापूर्वी वीस मिनिटं किनाऱ्यावरून बघा: लाट कुठे फुटते, रांग कुठे बसते, बाहेर जायची खोल वाट कुठून आहे. बाहेर जाताना समोरून कोणी आलाच, तर त्याच्या मागच्या फेसाकडे वळा, फेस अंगावर घ्या. जीव वाचवायला पुढे पळालात तर तुम्ही नेमके त्याच्या वाटेत येता. बोर्ड सोडून बुडी मारू नका. सहा फुटी बोर्ड आणि सहा फुटी लीश (बोर्ड पायाला बांधणारी दोरी) म्हणजे मागे बारा फुटांपर्यंत मार.

चुकून ड्रॉप-इन झालंच, तर मागच्या पायावर भार टाकून टोक लाटेत वळवा आणि माथ्यावरून पलीकडे उतरा. उडी मारली तर तुम्ही पाण्याखाली जाता, पण बोर्ड लीशच्या टोकाला मागच्याच्या वाटेत तरंगत राहतो.