स्टिकलीची खुंटी आणि ग्रीन बंधूंचा काळा चौकोन

आर्ट्स अँड क्राफ्ट्स, म्हणजे यंत्राच्या मालापेक्षा हातकामाला महत्त्व देणाऱ्या शैलीचे फर्निचर स्वतःच्या हातांनी बनवायला शिकवणाऱ्या अमेरिकेतील वर्गांच्या माहितीपत्रकांत गुस्ताव स्टिकली आणि ग्रीन बंधू ही नावे एकाच ओळीत छापलेली असतात, आणि त्या ओळीखालच्या छायाचित्रात एखादे ओकचे स्टूल व एखादे महोगनीचे टेबल शेजारी शेजारी ठेवलेले असते. ते पाहून नाव नोंदवणारा शिकाऊ साहजिकच असे धरून चालतो की दोन्ही वर्गांत तेच शिकायचे आहे, फक्त एकात सांध्यांवरचे ठिपके गोल आणि दुसऱ्यात काळे व चौकोनी. हा समज चुकीचा आहे, आणि तो केवळ इतिहासापुरता चुकीचा नाही. याच समजापायी वर्गात मन लावून बनवलेली चांगली टेबले एक-दोन हिवाळ्यांत उभी चिरतात. म्हणून या एका फरकाविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

स्टिकलीचे काम बहुतेक वाचकांच्या ओळखीचे असेल, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवत नाही. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूजजवळच्या ईस्टवुड येथे त्याचा फर्निचरचा कारखाना होता, 1901 पासून 1916 पर्यंत त्याचे ‘द क्राफ्ट्समन’ हे मासिक निघत होते, 1915 साली त्याचे दिवाळे निघाले, आणि न्यू जर्सीतील पार्सिपनी येथे त्याने बांधलेले ओंडक्यांचे घर आज संग्रहालय म्हणून पाहता येते. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांच्या घरापासून ते फारसे दूर नाही. सरळ रेषा, जाड पाय, व्हाइट ओकचे लाकूड, अमोनियाच्या वाफेने ओकमधील टॅनिनवर आणलेला तपकिरी रंग आणि पायातून आरपार बाहेर आलेले कुसू (आडव्या लाकडाचे, खाचेत बसणारे बारीक केलेले टोक), ही त्याची ओळख.

ग्रीन बंधूंविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. चार्ल्स सम्नर ग्रीन (1868–1957) आणि हेन्री मॅथर ग्रीन (1870–1954) हे मुळात वास्तुविशारद. सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मॅन्युअल ट्रेनिंग स्कूलमध्ये त्यांनी किशोरवयातच लाकूडकाम आणि धातुकाम प्रत्यक्ष हातांनी शिकून घेतले, पुढे एमआयटीत वास्तुकलेचे शिक्षण घेतले आणि 1893 साली कॅलिफोर्नियातील पॅसाडीना गाठले. तेथील 1907 चे ब्लॅकर हाउस व 1908 चे गॅम्बल हाउस आणि बर्कलीतील 1909 चे थॉर्सन हाउस ही त्यांची सर्वांत गाजलेली घरे. या घरांसाठी त्यांनी रेखाटलेले फर्निचर स्वीडनमध्ये जन्मलेल्या पीटर आणि जॉन हॉल या भावांच्या कार्यशाळेत तयार झाले. येथे कारखान्याचा माल नव्हता. एकेक वस्तू एकेका घरासाठी होती. आजच्या गोंधळाचे मूळही याच इतिहासात आहे, कारण सुरुवातीच्या घरांत ग्रीन बंधूंनी स्टिकलीचेच फर्निचर वापरले होते आणि त्यांची स्वतःची पहिली टेबले-खुर्च्या त्याच वळणाच्या होत्या. पुढे त्यांची वाट वेगळी झाली. माहितीपत्रके मात्र त्या आधीच्या टप्प्यावरच थांबलेली दिसतात.

आता किरकोळ फरक उरकून टाकतो. लाकूड वेगळे: तिकडे ओक, इकडे मुख्यतः महोगनी, सागवान आणि अक्रोड. रेषा वेगळी: तिकडे सरळ, इकडे खालची कड मध्येच एक मऊ पायरी चढून वर सरकते, जिला वर्गात ‘क्लाउड लिफ्ट’ म्हणतात. कडा वेगळ्या: तिकडे किंचित मारलेल्या, इकडे हाताला गुळगुळीत लागतील अशा गोलावलेल्या. एवढ्यावरून कोणतीही वस्तू दहा पावलांवरून ओळखता येते, आणि या फरकांमुळे कोणाचे टेबल चिरत नाही. तरीही वर्गांचा निम्मा वेळ क्लाउड लिफ्टचे साचे कापण्यात जातो, हे मला मुळीच पटत नाही. तो वळसा एका दुपारी शिकता येतो. ज्याला समजून घ्यायला वेळ द्यायला हवा, ते त्या वळशापासून वीतभर अंतरावर असते.

स्टिकलीच्या पायावर, कुसू जिथे खाचेत शिरते त्या जागी, पृष्ठभागाशी सपाट असा लाकडाचा लहान गोल ठिपका दिसतो. ही खुंटी पायाची एक बाजू भेदून कुसवातून आरपार जाते आणि पलीकडच्या लाकडात रुतते. कुसू मागे सरकू न देणे हे तिचे काम. चांगल्या वर्गात ही खुंटी खेचून बसवायला शिकवतात. पायातले भोक आणि कुसवातले भोक एकमेकांसमोर न पाडता कुसवातले भोक त्याच्या खांद्याच्या (कुसू जिथून सुरू होते त्या पायरीच्या) दिशेने सुमारे एक मिलिमीटर सरकवून पाडतात, मग टोकाला निमुळती केलेली खुंटी ठोकत नेली की ती किंचित वाकून वाट काढते आणि कुसवाला खाचेत ओढून घेते. सरस नसला तरी असा सांधा ताठ उभा राहतो, आणि पुढे कधी सरसाचा जोर संपला तरी खुंटी आपली पकड सोडत नाही. म्हणूनच ती खुंटी सरळ रेषांच्या (लाकडातल्या तंतूंच्या), शक्यतो करवतीने न कापता रेषांच्या दिशेने फोडून काढलेल्या ओकची असावी लागते. वाकूनही न तुटणे हा तिचा पहिला गुण आहे.

ग्रीन बंधूंच्या टेबलावर जो काळा चौकोन दिसतो, तो एबनी या काळ्या लाकडाचा प्लग, म्हणजे बूच असतो. तो कुसवापर्यंत पोहोचतच नाही. चौकोनी पटाशीने पाडलेल्या, साधारण सहा मिलिमीटर खोल खळग्यात तो बसतो, पृष्ठभागापासून मिलिमीटरभर वर उठलेला राहतो आणि त्याचा माथा उशीसारखा किंचित फुगीर करून चकचकीत घासलेला असतो. त्याच्या खाली बहुधा एक स्क्रू असतो आणि तो स्क्रू झाकणे हे त्याचे काम. काही ठिकाणी खाली काहीच नसते आणि तो चौकोन केवळ नजरेसाठी असतो, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ग्रीन बंधूंच्या फर्निचरमध्ये कुसू-खाचेचे सांधे नाहीत असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. ते आहेत, पण बहुतेक आत लपलेले आहेत, आणि त्यांना धरून ठेवण्याचा भार या काळ्या चौकोनावर टाकलेला नाही.

दोहोंत फरक करण्याची माझी कसोटी एकच आहे: ही वस्तू मनाने उपटून काढावी आणि काय होते ते पाहावे. स्टिकलीची खुंटी काढली तर त्या सांध्याचा आधार जातो. ग्रीन बंधूंचा प्लग काढला तर स्क्रूचे डोके दिसते किंवा रिकामा खळगा दिसतो, आणि टेबल जसेच्या तसे उभे राहते.

एवढे कळूनही शिकाऊ मंडळी अडखळतात ती टेबलाच्या पाटाच्या टोकाला असलेल्या आडव्या पट्टीपाशी, आणि खरा प्रश्न येथेच आहे. लाकूड हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आक्रसते, पण सर्व दिशांनी सारखे नाही. रेषांच्या लांबीत हा बदल नगण्य असतो; रुंदीत तो चांगलाच जाणवतो. ओले व्हाइट ओक पूर्ण कोरडे होईपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे 10.5 टक्के आणि त्यांना काटकोनात सुमारे 5.6 टक्के आक्रसते, तर लांबीत जेमतेम 0.1 ते 0.2 टक्के. स्टिकलीने ओक क्वार्टर-सॉन पद्धतीने, म्हणजे वलयांना काटकोनात फळी पडेल असे, कापून घेण्यामागे चमकदार किरणपट्ट्यांचे सौंदर्य होते तसे हे कमी हलणेही होते. कोकणातल्या घराचे दार श्रावणात चौकटीत अडकते आणि मार्गशीर्षात मोकळे होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा बदल नव्याने पटवावा लागणार नाही. अमेरिकेतही हे साधारण त्याच महिन्यांत घडते: उन्हाळा दमट, आणि हिवाळ्यात घर तापवल्यामुळे हवा अत्यंत कोरडी.

आता पन्नास सेंटिमीटर रुंदीचा महोगनीचा पाट घ्यावा. लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी कमी-जास्त झाला तर तो रुंदीत तीन ते पाच मिलिमीटर हलतो. त्याच्या टोकाला लावलेली पट्टी आडवी असते, तिच्या रेषा पाटाच्या रेषांना काटकोनात असतात, त्यामुळे ती आपल्या लांबीत जवळजवळ हलतच नाही. हलणारा पाट आणि न हलणारी पट्टी एकमेकांना पूर्ण रुंदीभर सरसाने चिकटवली, तर हिवाळ्यात पाटाला आक्रसायला वाव उरत नाही आणि तो मधोमध किंवा एखाद्या जोडावर चिरतो. ग्रीन बंधूंची मांडणी हेच टाळते. पट्टी मधल्या थोड्या भागातच पक्की केलेली असते. बाजूंचे स्क्रू लांबट भोकांतून जातात, त्यामुळे पाट हलला की स्क्रू त्या भोकात सरकतो. आणि त्या लांबट भोकांना झाकायला वर एबनीचा चौकोन बसतो. पट्टी पाटापेक्षा दोन्ही बाजूंना किंचित लांब ठेवतात आणि जाडीलाही थोडी वर ठेवतात, म्हणजे ऋतूप्रमाणे पाट पुढे-मागे झाला तरी डोळ्याला खटकत नाही. पाट आणि पट्टी यांना कडेने जोडताना दिसणारी लांबट काळी चिपही केवळ पट्टीच्या बाजूने चिकटवायची असते. पाटाच्या बाजूला ती मोकळी सरकली पाहिजे.

म्हणजे खुंटी सांध्याला हलू देत नाही, आणि काळा चौकोन हलण्यासाठी ठेवलेली वाट झाकतो. दोघांची कामे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. ज्याच्या डोक्यात दोन्ही एकच आहेत तो हमखास एकच गोष्ट करतो: पट्टीतून पाटात आरपार भोके पाडतो, त्यांत एबनीच्या खुंट्या सरस लावून ठोकतो, आणि आपण स्क्रू न वापरता अधिक प्रामाणिक काम केले असे समाधान मानतो. प्रत्यक्षात त्याने पाटाला दोन्ही कडांनी खिळवून ठेवलेले असते. त्यातच एबनी अतिशय कठीण पण ठिसूळ लाकूड आहे. खेचून बसवलेल्या खुंटीला जसे वाकावे लागते तसे ते वाकत नाही, आतच मोडते, आणि मोडलेली खुंटी बाहेरून सुंदरच दिसत राहते.

हस्तकलेचा आग्रह धरणाऱ्या कित्येकांना स्क्रूचे नाव घेतले की ही शैली भेसळीची वाटू लागते. मला हा आक्षेप मान्य नाही. लाकडाच्या हालचालीला जागा देणारा सरकता स्क्रू हे विचारपूर्वक केलेले सुतारकाम आहे. पुढे कधी दुरुस्ती करायची झाली तर प्लग काढून स्क्रू सैल करता येतो आणि पाट अख्खा मोकळा होतो. खरी भेसळ वेगळीच आहे: स्वस्त फर्निचरच्या पायावर बाहेरून चिकटवलेला, आत काहीच नसलेला खोटा कुसू. स्टिकलीच्या काळातल्या त्याच्या स्वस्त नकलांतही तो होता आणि आजही आहे. तितकेच मला खटकतात ते टेबलभर सारख्या मापाचे, सारख्या अंतराने पेरलेले काळे चौकोन. ग्रीन बंधू एकाच वस्तूवर पाव इंच, पाच सोळांश, तीन अष्टमांश अशी वेगवेगळी मापे घेत आणि त्यांची मांडणी सांध्याच्या जागेनुसार ठरवत. सपाट घासलेला, रंगाने काळा केलेला चौकोन तर लावूच नये.

वर्ग निवडायचा झाला तर माझे मत ठाम आहे: आधी स्टिकलीचा वर्ग करावा, आणि त्यातही टॅबोरेट, म्हणजे लहान बुटके टेबल, किंवा पाय ठेवण्याचे स्टूल बनवणारा. त्यात कुसू हाताने कापायला मिळते, खांदा गुण्याला (काटकोन तपासायच्या साधनाला) लागतो की नाही हे डोळ्यांनी कळते, आणि खुंटी ठोकताना सांधा मिटत जातो ते हाताला जाणवते. सर्व खाचा यंत्रावर आधीच पाडून ठेवलेल्या असतील तर त्या वर्गाचे पैसे वाचवावेत. ग्रीन बंधूंचा वर्ग त्यानंतर, आणि तो एका शनिवार-रविवारात संपणारा नको, कारण पट्टी बसवणे घाईने शिकता येत नाही. नाव नोंदवण्यापूर्वी शिक्षकांना एवढेच विचारावे की टोकाच्या पट्टीतले बाजूचे स्क्रू लांबट भोकांत घेणार की गोल भोकांत. उत्तर देताना ते अडखळले तर दुसरा वर्ग शोधावा.

ज्यांना महाराष्ट्रात घरीच सराव करायचा आहे त्यांना ओक सहज मिळणार नाही, पण ग्रीन बंधूंच्या कामासाठी आपल्याकडचे सागवान उत्तम आहे. गॅम्बल हाउसच्या प्रवेशदालनातही सागवानच आहे, आणि ते ओकपेक्षा कमी हलते. सागवान तेलकट असल्याने सरस लावण्याच्या थोडाच वेळ आधी पृष्ठभागावरून रंधा फिरवावा. प्लगसाठी एबनीचा हट्ट धरण्याचे कारण नाही. जुन्या शिसवाचा तुकडा चौकोनी दांडी करून वापरावा, प्लगच्या चारही बाजू तळाकडे किंचित निमुळत्या कराव्यात, माथा बसवण्यापूर्वीच फुगीर करून घासावा, आणि सरस खळग्याच्या भिंतींना अगदी बेताने लावावा, म्हणजे तो खाली उतरून स्क्रूच्या डोक्याला चिकटणार नाही.