पाटकऱ्याचं धान्य: स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम कोणाच्या पैशावर जगतात?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवले. नाशिकला कॉलेज रोडवर माझ्या एका मित्राचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे त्याआधीपासूनच गर्दी वाढली होती. सीए लोकांच्या ऑफिसातले पीसी, शिकवणीवाल्यांचे लॅपटॉप, पिंपळगावच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमधलं बिलिंगचं मशीन. सगळी ठणठणीत, पण विंडोज ११ घेईनात. मित्र अशा मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणक चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, टाकून देतो. मजुरी पाचशे रुपये. एका गिऱ्हाइकाने त्याला सरळ विचारलं, "सिस्टिम फुकट म्हणता, मग ती बनवणारे खातात काय?"

मित्र हसला, पण प्रश्न भाबडा नाही. त्याचं उत्तर पन्नासेक वर्षांत सारखं बदलत गेलं आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीपासून करावी लागते. एटी अँड टीच्या बेल लॅब्जमध्ये १९६९ मध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम उभी केली. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे एटी अँड टीला दूरसंचाराबाहेरच्या धंद्यात उतरायला बंदी होती. म्हणून युनिक्स विद्यापीठांना नाममात्र शुल्कात, मूळ कोडसकट मिळायची. बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी त्यात इतकी भर घातली की बीएसडी नावाची वेगळी शाखाच तयार झाली. आजच्या इंटरनेटचा पाया असलेलं टीसीपी/आयपी १९८३ च्या बीएसडीमधून विद्यापीठांत पसरलं. पैसा होता अमेरिकी संरक्षण खात्याच्या दार्पा या संशोधन शाखेचा. म्हणजे पहिला धनी सरकार. अनुदान आटलं तसं बर्कलीचं ते काम १९९५ मध्ये बंद झालं. मधल्या काळात एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीने कोडच्या मालकीवरून खटला भरला. तो १९९४ च्या सुरुवातीला मिटला, पण तोवर दोन वर्षं बीएसडी वापरावी की नाही, या शंकेत गेली होती.

त्याच सुमारास फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे यंत्राशी थेट बोलणारा भाग, जाहीर केला. अवतीभवतीची अवजारं युनिक्ससारखी मुक्त सिस्टिम घडवणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाने आधीच तयार केली होती. स्टॉलमन यांचं पोट कशावर चालायचं, हे आता गमतीचं वाटतं. ईमॅक्स हा संपादक ते टेपवर घालून १५० डॉलरला विकायचे. कोड मुक्त, म्हणजे कोणीही घ्यावा, बदलावा, वाटावा; टेप आणि टपाल विकत. नव्वदच्या दशकात आपल्याकडेही हेच गणित होतं. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १९९५ मध्ये आलं खरं, पण डायल-अपवर अख्खी सिस्टिम उतरवून घेणं म्हणजे फोनबिलाला निमंत्रण. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर येणारी लिनक्सची सीडी हातोहात फिरायची. नंतर उबंटू हे लिनक्सचं रूप २०११ पर्यंत घरपोच फुकट सीडी पाठवलं जाई. ते औदार्य कॅनॉनिकल कंपनीचं, आणि कंपनीमागे तिचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांचा पैसा.

इथे थोडं बागलाणात जाऊन येऊ. सटाण्याकडे मोसम आणि आरम नद्यांवर फड पद्धत आहे, शेकडो वर्षांची. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या शेताचे भाग म्हणजे फड. बंधारा एकदा बांधला की कष्ट संपतात, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. खरं काम त्यानंतरचं. दरवर्षी गाळ काढायचा, फुटलेला काठ बांधायचा, पाणी कोणाच्या वावरात कधी सोडायचं ते बघायचं. त्यासाठी पाटकरी आणि जागल्या नेमलेले असत आणि त्यांना सुगीला धान्य मिळे. पाणी सगळ्यांचं, पण पाटकऱ्याचं धान्य कोणी घालायचं हे आधीच ठरलेलं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या जगात पाणी तेवढं सगळ्यांनी घेतलं आणि धान्याचं ठरवायचं राहून गेलं.

लिनक्सचं त्यातल्या त्यात बरं झालं. रेड हॅट, आयबीएम, इंटेल, गूगल यांना आपापल्या धंद्यासाठी ती हवी होती, म्हणून त्यांनी पगारी माणसं बसवली. २००७ मध्ये लिनक्स फाउंडेशन झालं. आज गाभ्याचं बहुतेक काम कंपन्यांचे नोकर करतात. तिला स्वतंत्र म्हणायचं का, यावर माझ्या मित्राचा आणि माझा वाद अजून मिटलेला नाही. रेड हॅटने २०२० च्या डिसेंबरमध्ये सेंटओएस ८ या सर्व्हरसाठीच्या फुकट लिनक्सचे अपडेट आधी सांगितल्यापेक्षा कितीतरी लवकर, २०२१ च्या अखेरीस थांबतील असं जाहीर केलं. त्या दिवशी अनेक सर्व्हरवाल्यांना धनी कोण ते कळलं.

खरी परीक्षा मात्र ज्यांच्या मागे कोणीच उभं नव्हतं त्यांची झाली. बीएसडीच्या वंशातली ओपनबीएसडी हे त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. थिओ डी राट हे नेटबीएसडी या तिच्या थोरल्या भावंडाच्या संस्थापकांपैकी एक. तिथल्या मंडळींशी बिनसलं आणि १९९५ मध्ये त्यांनी कॅनडातल्या कॅल्गरीतून वेगळी चूल मांडली. सुरक्षेसाठी कोडची ओळ न् ओळ तपासायची, हा त्यांचा हट्ट. त्यातूनच १९९९ मध्ये ओपनएसएसएच आलं. जगातल्या बहुतेक सर्व्हरमध्ये दुरून सुरक्षित शिरायला आज तेच वापरतात. अंबडच्या कारखान्यातला सर्व्हर पुण्यात बसून चालवणारा मुलगाही ते रोज वापरतो, कित्येकदा नाव न जाणता.

या मंडळींचा खर्च सीडी, टी-शर्ट आणि देणग्यांतून निघायचा. २००१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठामार्फत दार्पाचे सुमारे २० लाख डॉलर मंजूर झाले. मग इराक युद्ध आलं. डी राट यांनी वर्तमानपत्रात युद्धाविरुद्ध मत दिलं आणि एप्रिल २००३ मध्ये निधी थांबला. संबंध होता असं डी राट यांचं म्हणणं. कॅल्गरीत ठरलेल्या हॅकेथॉनच्या, म्हणजे प्रोग्रामरांनी एकत्र बसून काम करायच्या मेळाव्याच्या, मुक्कामाचे पैसे त्याच निधीतून जायचे होते. ऐन वेळी ते दुसरीकडून उभे करावे लागले.

२०१४ च्या जानेवारीतला प्रसंग तर कोणत्याही सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत शोभला असता. डी राट यांनी वीजबिल भरायला पैसे नाहीत असं कळवलं. वर्षाला सुमारे २० हजार डॉलर. एवढी वीज लागायची कारण त्यांच्याकडच्या रॅकमध्ये नव्याबरोबर व्हॅक्स, स्पार्क अशी जुनी यंत्रंही चालू असत. यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. जुनी यंत्रं बंद करा, त्यांची नक्कल सॉफ्टवेअरमध्ये चालवा, क्लाउडवर जा. उत्तर असं होतं की नव्या यंत्रावर लपून राहणारी चूक खऱ्याखुऱ्या जुन्या यंत्रावर उघडी पडते, तीच तर आमची तपासणी. सल्ला देणारे पुष्कळ, बिल भरणारे मोजके. शेवटी एका रुमेनियन बिटकॉइनवाल्याने ती रक्कम दिली आणि त्या गवगव्यामुळे ओपनबीएसडी फाउंडेशनची वर्षाची देणगी मोहीमही पार पडली.

तीनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, हार्टब्लीड फुटलं. बँकांपासून दुकानांपर्यंत सगळ्यांच्या संकेतस्थळांचं कुलूप असलेल्या ओपनएसएसएल या वेगळ्या मुक्त प्रकल्पातली ही चूक. त्या प्रकल्पाला वर्षाला देणग्या किती मिळत? सुमारे २,००० डॉलर. मोठ्या कंपन्या तेव्हा खडबडून जाग्या झाल्या आणि लिनक्स फाउंडेशनमार्फत निधी उभा राहिला. पुढच्या वर्षी ओपनबीएसडी फाउंडेशनला मोठी देणगी देणाऱ्यांत चक्क मायक्रोसॉफ्ट होती, कारण तिला विंडोजमध्ये ओपनएसएसएच हवं होतं. २०१८ पासून ते विंडोज १० मध्ये आहे. म्हणजे मित्राच्या दुकानात पुसून टाकल्या जाणाऱ्या त्या विंडोजमध्येही कॅल्गरीचा एक तुकडा असतो.

स्लॅकवेअरची गोष्ट जास्त एकाकी आहे. १९९३ पासून अजून चालू असलेलं हे लिनक्सचं सगळ्यात जुनं रूप, आणि ते सांभाळणारे मुख्यतः एकटे पॅट्रिक व्होल्करडिंग. २०१८ मध्ये त्यांनी सांगितलं की त्यांच्या नावाने सीडी विकणाऱ्या दुकानाकडून बराच काळ त्यांना धड पैसे मिळालेले नाहीत. वापरणारे समजत होते की सीडी घेतली की पाटकऱ्याला धान्य पोचलं. त्यानंतर लोकांनी दरमहा थेट देणगी सुरू केली. पुढची आवृत्ती २०२२ मध्ये आली, आधीचीनंतर जवळजवळ सहा वर्षांनी.

बाकीच्यांचं थोडक्यात. फ्रीबीएसडी या बीएसडीच्या आणखी एका रूपावर व्हॉट्सॲप मोठं झालं आणि व्हॉट्सॲपचे सहसंस्थापक जॅन कूम यांनी २०१४ मध्ये १० लाख डॉलर देऊन उतराई केली. असे विरळा. २०२४ मध्ये जर्मन सरकारच्या सॉव्हरिन टेक फंडाने त्याच सिस्टिमसाठी ६,८६,४०० युरो मंजूर केले. म्हणजे सरकार परत आलं, पण या वेळी रस्ते-पूल सांभाळायच्या भावनेने. हायकू ही २००१ मध्ये पाम कंपनीला विकल्या गेलेल्या बीओएस या सिस्टिमची वारसदार. २०२१ मध्ये तिला पूर्णवेळ पगारी प्रोग्रामर मिळाला.

आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची बॉस लिनक्स २००७ पासून आहे. ई-कोर्ट प्रकल्पात न्यायालयांतले संगणक उबंटूवर आले. दोन्ही सरकारी पैशावर. आपल्या मराठीचं बरंचसं काम मात्र फुकटात झालं. मेनूंचं भाषांतर, जोडाक्षरांची दुरुस्ती हे इंडलिनक्ससारख्या गटांतल्या स्वयंसेवकांनी नोकऱ्या सांभाळून केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये झिरोधा या शेअर दलाली कंपनीने मुक्त सॉफ्टवेअरसाठी फ्लॉस/फंड जाहीर केला. वर्षाला १० लाख डॉलर, एका प्रकल्पाला १० हजार ते १ लाख. भारतीय कंपनीने जगभरच्या मुक्त प्रकल्पांसाठी इतकं नियमित धान्य घालायचं ठरवल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

त्या गिऱ्हाइकाचा प्रश्न मित्राच्या डोक्यात राहिला असावा. दर लिनक्सच्या मशीनमागे पन्नास रुपये बाजूला काढून महिन्याअखेर सिस्टिम बनवणाऱ्यांना पाठवायचे असं त्याने ठरवलं. पहिल्या महिन्यात डेबिट कार्डावर दरमहा परदेशी पैसे जाण्याचा आदेश बँकेने नाकारला. १ ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांना रिझर्व्ह बँकेने वेगळी मंजुरी लागू केली आहे आणि परदेशातल्या बऱ्याच देणगी-सेवा त्यात बसत नाहीत. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर ८०जीची आयकर सवलत मिळत नाही, हे त्याच्या सीएने वरून सांगितलं. आता तो वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, सगळी रक्कम एकरकमी पाठवतो. काउंटरवरच्या बरणीवर त्याने कागद चिकटवलाय: "पाटकरी".