गोळी की काडतूस, क्लिप की मॅगझिन : बंदुकीच्या शब्दांमागचा इतिहास

बंदुकीत भरतात ते काडतूस आणि बंदुकीतून सुटते ती गोळी. फरक एवढाच आहे, तरी बोलताना आपण सगळे 'गोळ्या भरल्या' असेच म्हणतो. पोलिसांच्या पंचनाम्यात मात्र 'जिवंत काडतुसे' आणि 'रिकाम्या पुंगळ्या' अशी वेगळी नोंद असते. काडतूस हातात घेऊन पाहिले की याचे कारण कळते. बाहेर पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठोका बसताच पेट घेणारी इवलीशी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बार उडाला की नळीतून पुढे जाते ती फक्त गोळी. पुंगळी मागे राहते किंवा बाजूला फेकली जाते. म्हणून घटनास्थळी सापडलेली पुंगळी आणि जखमेतून काढलेली गोळी हे दोन स्वतंत्र पुरावे ठरतात. पुंगळीच्या बुडावर ठोक्याची खूण असते, तर गोळीच्या अंगावर नळीतल्या पेचदार खाचांचे ओरखडे.

तरीही 'गोळ्या भरल्या' म्हणणाऱ्याला अडाणी ठरवणे मला पटत नाही. काही शतके माणसे खरोखर गोळीच भरत होती. आधी नळीत दारू ओतायची, मग शिशाची गोळी टाकायची आणि गजाने ठासायची. इंग्रजीतला 'बुलेट' हा शब्दही फ्रेंचमधल्या 'छोटा गोळा' या अर्थाच्या शब्दावरून आला, म्हणजे आपल्या 'गोळी'चाच सख्खा भाऊ. 'बंदूक' तर त्याच्याही पुढची. अरबीत 'बुंदुक' म्हणजे हेझलनट हे छोटे गोल फळ. त्यावरून फेकून मारायच्या गोळीला तेच नाव पडले आणि पुढे ती फेकणाऱ्या हत्यारालाही. हत्याराचेच नाव गोळीवरून पडले असेल, तर बोलण्यात दोघांची सरमिसळ होणारच.

'काडतूस' पोर्तुगीज 'कार्तुशु'वरून आले. त्याच्या मुळाशी आहे कागदाची सुरळी. दारू मोजून कागदात गुंडाळायची आणि त्याच सुरळीत गोळीही ठेवायची. १८५७ मध्ये ज्या एनफिल्ड काडतुसांवरून शिपायांमध्ये संताप पसरला, ती अशीच कागदाची होती. गोळीकडची बाजू चरबीने माखलेली आणि दुसरे टोक दाताने तोडायचे. दारू नळीत ओतून मग गोळी ठासायची. त्या शिपायाला काडतूस आणि गोळी यांतला फरक कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, कारण प्रत्येक बाराला तो स्वतःच्या हाताने त्या दोन वस्तू वेगळ्या करत होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूची काडतुसे रुळली, सगळे एका पुंगळीत बंद झाले आणि फरक नजरेआड गेला.

मॅगझिनला सर्रास क्लिप म्हणायचा घोळही यंत्र बदलल्यामुळेच झाला. 'मॅगझिन' मूळ अरबी 'मखजन'वरून आले, म्हणजे कोठार. जहाजावरचे दारूचे कोठार ते मॅगझिन, आणि बंदुकीतले काडतुसांचे कोठार तेही मॅगझिनच. नियतकालिकाला मॅगझिन म्हणतात तेही याच कोठारावरून. लंडनमध्ये १७३१ साली निघालेल्या एका मासिकाने मजकुराचे कोठार या अर्थाने ते नाव घेतले होते.

क्लिप म्हणजे नुसता पत्र्याचा चिमटा. काडतुसे एकत्र धरून ठेवायची आणि मॅगझिन झटकन भरायचे, एवढेच तिचे काम. ली-एनफिल्ड रायफलीचे मॅगझिन दहा काडतुसांचे. पाच-पाच काडतुसांचे दोन चिमटे वरच्या खाचेत ठेवून अंगठ्याने दाबले की ते भरायचे आणि रिकामे चिमटे निघून जायचे. ब्रिटिश सैन्यात या चिमट्याला क्लिप न म्हणता 'चार्जर' म्हणत. वस्तू तीच, पण देश बदलला की नाव वेगळे.

अमेरिकेत १९३६ मध्ये एम-वन गॅरंड रायफल सैन्याने स्वीकारली. तिच्यात आठ काडतुसांची क्लिप अख्खीच्या अख्खी आत जायची आणि शेवटचा बार झाला की रिकामी क्लिप 'टिंग' आवाज करत बाहेर उडायची. दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियात लाखो सैनिकांच्या तोंडी 'क्लिप' बसली, आणि तिथे ती शंभर टक्के बरोबर होती. १९५७ मध्ये एम-१४ आली. तिला खालून लावायचे, काढता येणारे वीस काडतुसांचे मॅगझिन होते. यंत्र बदलले तरी जिभेवरचा शब्द राहिला. ओळखायची सोपी खूण म्हणजे मॅगझिनमध्ये काडतुसे वर ढकलणारी स्प्रिंग असते, क्लिपमध्ये ती नसते.

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांबद्दल फार लिहायला नको. अमेरिकेत फिरती चकती असलेले ते रिव्हॉल्व्हर आणि बाकीची पिस्तुले, अशी विभागणी रूढ आहे. ब्रिटिश सैन्याने १९३२ च्या आपल्या रिव्हॉल्व्हरचे अधिकृत नाव मात्र 'पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, नंबर दोन' असे ठेवले होते. तिथे पिस्तूल ही जात आणि रिव्हॉल्व्हर ही पोटजात. दोन्ही वापर आपापल्या जागी शुद्धच आहेत.

शॉटगनच्या, म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीच्या, बारा बोअरमधला 'बारा' म्हणजे नळीची रुंदी असे अनेकांना वाटते. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातल्या एका गोळीचा जो व्यास येतो, साधारण १८.५ मिलिमीटर, तो बारा बोअर. त्यामुळे वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद निघते. आणि चारशे दहा बोअर? तिथे हिशेबच वेगळा, ती थेट ०.४१० इंचाची नळी.

सायलेन्सर हे नाव हायरम पर्सी मॅक्सिम यांनी लोकांपुढे आणले. मशीनगनवाल्या मॅक्सिम यांचे हे चिरंजीव. त्यांचे पेटंट १९०९ चे. नाव आवाज बंद करण्याचे असले तरी आवाज बंद होत नाही, कमी होतो. शिवाय ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा हवेतला कडाका उरतोच. म्हणून आज बरेच नेमबाज 'सप्रेसर' म्हणतात आणि ब्रिटनमध्ये 'मॉडरेटर' चालते. पण अमेरिकेच्या कायद्यात 'सायलेन्सर' हाच शब्द आहे, तेव्हा तो चुकीचा म्हणून कुणाला टोकणे मला पोरकट वाटते.

इथवरच्या गोंधळाने फारसे बिघडत नाही. 'ऑटोमॅटिक' आणि 'असॉल्ट' या दोन शब्दांनी मात्र बिघडते, कारण त्यांच्यावर कायदे उभे आहेत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑटोमॅटिक म्हणजे पुढचे काडतूस आपोआप नळीत चढवणारी बंदूक. अमेरिकी सैन्याच्या १९११ च्या प्रसिद्ध कोल्टचे अधिकृत नाव 'ऑटोमॅटिक पिस्तूल' होते, पण चाप एकदा ओढला की गोळी एकच सुटायची. आज तंत्राच्या भाषेत ती सेमी-ऑटोमॅटिक. चाप दाबून धरल्यावर बार होतच राहिले तरच ऑटोमॅटिक म्हणायचे. या बाबतीत मला ब्रिटिशांचा शब्द सर्वांत प्रामाणिक वाटतो, सेल्फ लोडिंग, म्हणजे स्वतः भरणारी. आपल्याकडची ओळखीची एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) तीच. नावातच सांगितले आहे की भरणे तिचे काम, झाडणे तुमचे.

जर्मन सैन्याच्या एका नव्या रायफलीला १९४४ मध्ये 'श्टुर्मगेवेर' असे नाव मिळाले, हल्ल्याची रायफल. तिचे काडतूस पिस्तुलाच्या आणि नेहमीच्या रायफलीच्या काडतुसांच्या मधल्या ताकदीचे होते, आणि एक कळ फिरवून एकेक गोळी किंवा सलग मारा निवडता येत असे. 'असॉल्ट रायफल' म्हणजे हे दोन्ही गुण असलेली बंदूक. एआर-१५ या अमेरिकी रायफलीच्या नावातला 'एआर' असॉल्ट रायफलचा समजला जातो, पण तो आर्मालाइट या कंपनीच्या नावातला आहे. त्याच कंपनीची एआर-१७ तर शॉटगन होती.

'असॉल्ट वेपन' हा मात्र कायद्यात आकाराला आलेला शब्द. जानेवारी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन इथे एका शाळेत पाच मुले मारली गेली आणि त्याच वर्षी त्या राज्याने 'असॉल्ट वेपन'वर बंदी घालणारा कायदा केला. १९९४ मध्ये संपूर्ण अमेरिकेसाठी तसाच बंदीचा कायदा आला. त्याच्या कक्षेत आल्या त्या सेमी-ऑटोमॅटिक बंदुका, म्हणजे सैनिकी व्याख्येतून बाहेर राहणाऱ्याच. त्यात काही बंदुका नावानिशी होत्या. बाकीच्या रायफलींसाठी निकष असा, की काढता येणारे मॅगझिन हवे आणि पिस्तुलासारखी मूठ, घडीचा दस्ता, संगीन बसवायची खाच अशा यादीतली किमान दोन लक्षणे हवीत. बंदूकप्रेमी म्हणतात, ही असॉल्ट रायफल नव्हेच. मुलांच्या जिवाची काळजी करणारे म्हणतात, नाव काहीही असो, वर्गात तिने काय केले ते बघा. शब्दार्थापुरते पहिले बरोबर आहेत. पण शब्दाची चूक दाखवून मूळ प्रश्न बाजूला सारला जातो, ते मला मान्य नाही. व्याख्या ढिली राहिली की काय होते तेही त्या काळात दिसले. कंपन्यांनी संगिनीची खाच आणि नळीच्या तोंडचा ज्वाळा दडपणारा भाग काढून टाकला आणि आतून जवळपास तीच असलेली रायफल कायदेशीरपणे विकत राहिल्या. १३ सप्टेंबर २००४ रोजी त्या कायद्याची मुदत संपली, आणि 'असॉल्ट वेपन' म्हणजे नेमके काय हे आज तिथे राज्यागणिक बदलते.