कॅल्क्युलेटरचा उड्डाणवेळ आणि तिकिटावरचा उड्डाणवेळ

दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर-वेळ सांगणारे ऑनलाइन कॅल्क्युलेटर ‘उड्डाणाचा वेळ’ दाखवतात. विमानाच्या तिकिटावरही तो असतो. दोन्ही आकडे क्वचितच जुळतात. लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके घ्या. अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर. कॅल्क्युलेटर सात तास म्हणतो. तिकिटावर न्यूयॉर्कला जाताना साधारण आठ तास आणि परतताना सात.

कॅल्क्युलेटरचं गणित सरळ आहे. पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत कमी अंतर, म्हणजे ग्रेट सर्कल, काढायचं. ताशी ८५० किमीसारख्या ठोकळ वेगाने भागायचं. चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा. ५,५४० भागिले ८५० म्हणजे साडेसहा, अधिक अर्धा, झाले सात. आकडा फारच विचित्र आला तर आधी एकक बघा: नॉटिकल मैल १.८५२ किमीचा असतो, साधा मैल १.६०९ किमीचा.

तिकिटावरचा वेळ म्हणजे ब्लॉक टाइम. विमान गेटवरून हललं तेव्हापासून ते पलीकडच्या गेटवर थांबेपर्यंत. त्यामुळे तिकिटावरची ‘सुटण्याची वेळ’ ही चाकं जमिनीवरून उचलली जाण्याची वेळ नव्हे. गजबजलेल्या विमानतळांवर दोन्ही टोकांचं टॅक्सी करणं, म्हणजे गेट आणि धावपट्टी यांच्यामध्ये विमानाचं जमिनीवरून चालणं, मिळून अर्धा तास सहज जातो. शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी जादा मिनिटं धरून ठेवतात. वीस मिनिटं उशिरा निघालेलं विमान वेळेवर पोहोचतं ते बहुतेक वेळा याच शिलकीमुळे. वैमानिकाने वेग वाढवून भरून काढलेला वेळ त्या मानाने थोडाच असतो.

जाण्या-येण्यातला फरक वाऱ्याचा. उत्तर अटलांटिकवर जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी आणि वारा १५० किमी धरला, तर पाठीच्या वाऱ्यात हे अंतर सव्वापाच तासांत कापलं जातं, समोरच्या वाऱ्यात सात तास तेवीस मिनिटांत. गंमत म्हणजे जाऊन-येऊन वारा फिटत नाही: एकूण १२ तास ४० मिनिटं लागतात, वारा नसता तर १२ तास १९. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं.

वळसा तर कॅल्क्युलेटरला दिसतच नाही. २०२२ मध्ये रशियाचं हवाई क्षेत्र बंद झाल्यावर फिनएअर या फिनलंडच्या विमान कंपनीचा हेलसिंकी–टोकियो प्रवास सुमारे साडेनऊ तासांवरून तेरा तासांच्या घरात गेला. ग्रेट सर्कल अंतरात एका किलोमीटरचाही फरक पडला नव्हता.

तिकिटावरच्या दोन वेळांची थेट वजाबाकी केली तर आणखी घोळ होतो, कारण दोन्ही वेळा आपापल्या जागच्या असतात. न्यूयॉर्कहून संध्याकाळी ७ ला निघून लंडनला सकाळी ७ ला पोहोचलात, तर प्रवास बारा तासांचा नाही. पाच तासांचा वेळफरक वजा करून सात तासांचा. मार्चमध्ये अमेरिकेची घड्याळं ब्रिटनच्या दोन-तीन आठवडे आधी पुढे जातात. तेवढ्या दिवसांत वजा करायचे ते चारच तास.